चेरी म्हणून आणलेली झाडे : वसाहतीच्या रस्त्याच्या प्रकल्प नोंदी

१२ मार्च २०२३

कोल्हापुरातील आमच्या वसाहतीच्या मुख्य फाटकापासून सभागृहापर्यंतच्या सुमारे १८० मीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुलझाडे लावण्याचा ठराव आजच्या वार्षिक सभेत मंजूर झाला आणि झाडांची निवड, लागवड व पहिल्या तीन वर्षांची निगा हे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. ठरावात ‘जपानी चेरी’ असा नेमका उल्लेख आहे. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला दर वसंतात गुलाबी होणाऱ्या झाडांची छायाचित्रे बहुतेक सभासदांनी पाहिली आहेत आणि आपला रस्ताही तसाच दिसावा, अशी त्यांची इच्छा आहे. विक्रोळीची ती झाडे चेरीची नसून टॅबेबुया रोझिया या अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातून आलेल्या वृक्षाची आहेत, हे मी सभेत मांडले. त्यावर एका शेजाऱ्यांनी शहराबाहेरील एका रोपवाटिकेत ‘जपानी चेरी’ अशी पाटी लावलेली रोपे स्वतः पाहिल्याचे सांगितले, तेव्हा ती रोपे न पाहताच नाकारणे मला योग्य वाटले नाही. आधी झाडाची ओळख पटवायची आणि मगच खड्डा काढायचा, एवढा क्रम सभेकडून मान्य करून घेतला आहे.

१९ मार्च २०२३

रोपवाटिकेत जाऊन आलो. काळ्या पिशव्यांत पाच-सहा फूट उंचीची चाळीसेक रोपे होती आणि एकावरही फूल नव्हते; परंतु पान हाती असले की फुलावाचून फारसे अडत नाही. चेरीचे पान साधे असते, ते फांदीवर एकाआड एक येते, त्याच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात आणि देठ पात्याला जेथे मिळतो तेथे मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा मधुग्रंथी, बहुधा दोन, दिसतात. त्यांतून झिरपणाऱ्या गोडाव्यासाठी मुंग्या येतात. समोरच्या रोपांची पाने मात्र जोडीजोडीने समोरासमोर आलेली होती, प्रत्येक पान हाताच्या पंजासारखे पाच पर्णिकांचे होते, कडा सरळ होत्या आणि ग्रंथींचा मागमूस नव्हता. साल पाहिली, तर तिच्यावरही चेरीची खूण असलेल्या वल्करंध्रांच्या, म्हणजे सालीतील हवेच्या बारीक छिद्रांच्या, आडव्या रेघा नव्हत्या. रोपे टॅबेबुया रोझियाचीच आहेत, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

मालकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “सर, माल आला त्याच नावानं आम्ही लावला. गिऱ्हाईक पण चेरी म्हणूनच मागतंय.” त्यांचे म्हणणे मला पटले. नाव घाऊक व्यापाऱ्याकडून पिशवीबरोबर येते आणि पिशवीबरोबरच पुढे जाते. मधल्या कोणालाही पान उलटून पाहण्याची गरज पडत नाही. मालकांनी स्वतःहून पाटी माझ्यासमोर ठेवली आणि मी तिच्या मागच्या बाजूस ‘गुलाबी टॅबेबुया’ असे लिहून दिले.

‘चेरी’ या शब्दाने आपल्याकडे आधीच बराच घोटाळा केलेला आहे. दारोदारी लाल गोड फळे देणारी सिंगापूर चेरी ही मुंटिंजिया असून तिचे चेरीशी कसलेही नाते नाही, आणि मसाला पानावर किंवा केकवर टोचलेली लाल चेरी ही पुष्कळदा पाकवून रंगवलेले करवंद असते. चेरीच्या नावाने करवंद खाणाऱ्या गावात चेरीच्या नावाने टॅबेबुया विकले गेले, तर त्याचे नवल वाटायला नको. तरीही लागवडीच्या कामात ही चूक महाग पडते, कारण दोन्ही झाडांची पाण्याची, मातीची आणि थंडीची गरज सर्वस्वी वेगळी आहे.

२ एप्रिल २०२३

समितीतील तिघांना घेऊन सकाळी साडेसहा ते नऊ या वेळेत ताराबाई पार्क आणि परिसरातील गल्ल्यांमधून फिरलो. ज्या ज्या झाडाला लोक दुरून पाहून चेरी म्हणतात ते जवळून ओळखायचे, एवढाच हेतू होता.

पहिले झाड गिरिपुष्पाचे निघाले. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावतात ते, आणि ज्याला उंदीरमारी असेही म्हणतात ते. निष्पर्ण फांद्यांवर दाटीने आलेली त्याची फिकट गुलाबी फुले छायाचित्रात चेरीसारखी भासतात हे खरे. पण एक फूल तळहातावर घेतले की ते वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचे, वर एक रुंद पाकळी आणि खाली होडीसारखा भाग असलेले आहे, हे शाळकरी मुलालाही दिसते. टॅबेबुयाचे फूल तुतारीसारखे असते. पाकळ्या तळाशी जुळून नळी झालेली असते, घशाशी पिवळसर छटा असते आणि गळताना ते अख्खे गळते. झाडाखाली सडा पडलेला असेल, तर झाडाकडे वर न पाहताही एवढ्या एका गोष्टीवरून निवाडा करता येतो, कारण चेरीच्या पाकळ्या सुट्या असतात आणि त्या एकेक करून झडतात.

पुढचे झाड कॅशिया ग्रँडिसचे होते. बहर ओसरत आला होता, तरी गेल्या वर्षीच्या हातभर लांब, जाड, काळ्या शेंगा लटकत असल्याने ओळख सोपी गेली. हा बहाव्याचा भाऊबंद आहे आणि त्याचे पुंकेसर पाहण्यासारखे असतात: एकूण दहा, तीन वेगवेगळ्या मापांचे, त्यांतले खालचे तीन लांब आणि आकड्यासारखे वळलेले. चेरीच्या फुलात पुंकेसरांची संख्या याच्या दुप्पट-तिप्पट असते आणि ते एका लहानशा पेल्याच्या काठावर गोलाकार उभे असतात. पाच सुट्या पाकळ्या, भरपूर पुंकेसर, मध्ये एकच स्त्रीकेसर आणि पाकळीच्या टोकाला नखाने खुडल्यासारखी खाच, एवढे जमले तरच पुढे चेरीचा विचार करावा, असे मी सोबतच्यांना सांगितले. आज असे एकही फूल आढळले नाही.

२१ मे २०२३

कॅशिया जावानिका आता पूर्ण बहरात आहे, म्हणून आज पुन्हा फेरी मारली. नव्या हिरव्या पालवीसह फुलणारे हे झाड मला या सर्वांत देखणे वाटते. कळी गडद, फूल उमलताना गुलाबी आणि जुने होता होता जवळजवळ पांढरे, त्यामुळे एकाच फांदीवर तीन छटा नांदतात. समितीतील एका काकूंनी हे पाहून, “मग हेच लावू या की, चेरी कशाला हवी?” असे विचारले. त्यांच्या या एका वाक्याने माझे अर्धे काम झाले.

११ जून २०२३

जपानी चेरी येथे का लावता येणार नाही, याचे लेखी टिपण आज समितीला दिले. त्यातला मुख्य भाग येथे उतरवून ठेवतो.

चेरीच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि नंतर झोपी जातात. ही झोप उन्हाने नव्हे, तर थंडीने मोडते: साधारणपणे शून्य ते सात अंश सेल्सिअस तापमानाचे शेकडो तास साठल्यानंतरच कळी ऊब मिळताच फुगण्यास तयार होते. थंडी अपुरी पडली तर कळ्या मागेपुढे, तुरळक उमलतात किंवा तशाच गळून जातात. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आतबाहेर उंचीवर आहे. आमच्या गच्चीवरील तापमापकाने गेल्या संपूर्ण हिवाळ्यात १२ अंशांखालचा आकडा दाखवलेला नाही. म्हणजे असा एकही तास येथे साठत नाही.

त्यातही तोक्यो किंवा वॉशिंग्टनच्या छायाचित्रांत दिसणारे झाड बहुधा सोमेई योशिनो या एकाच वाणाचे असते. एदो काळाच्या (१६०३–१८६८) अखेरीस, आज तोक्योच्या तोशिमा भागात मोडणाऱ्या सोमेई गावच्या माळ्यांकडून ते सर्वत्र पसरले. एदोहिगान आणि ओशिमा या दोन चेरींच्या संकरातून ते झाले असून ते बियांपासून जसेच्या तसे उगवत नाही. प्रत्येक झाड कलमानेच केलेले असते. सारी झाडे एकाच झाडाच्या फांद्या असल्यासारखी असल्यामुळेच एका भागातील सर्व झाडे एकदम फुलतात आणि आठ-दहा दिवसांत एकदमच झडतात. हा एकसाथ बहर पाहूनच लोक वेडे होतात, पण तो मातीचा किंवा हवेचा नसून कलमाचा गुण आहे. रोपाची परदेशातून ने-आण ही तर आणखी वेगळी गोष्ट आहे. तोक्योने १९१० साली वॉशिंग्टनला पाठवलेली २,००० झाडे किडीमुळे जाळून टाकावी लागली होती आणि १९१२ साली ३,०२० झाडे नव्याने पाठवल्यानंतर तेथील लागवड उभी राहिली. वनस्पती विलगीकरणाचे नियम कशासाठी असतात, हे या एका उदाहरणावरून समजते.

टिपणाच्या शेवटी पर्याय दिले. मोकळ्या बाजूस टॅबेबुया रोझिया, कॅशिया जावानिका आणि आपले राज्यपुष्प असलेले ताम्हण आलटून पालटून. विजेच्या तारांखालच्या बाजूस थंडीच्या तोंडाशी फुलणारा जांभळा कांचन. फेब्रुवारी-मार्चमध्ये टॅबेबुया, एप्रिलपासून ताम्हण, मे-जूनमध्ये जावानिका आणि दिवाळीच्या आगेमागे कांचन, असा बहर रस्त्यावर वर्षातून चार वेळा फिरत राहील. संपूर्ण रस्ता एकाच परदेशी झाडाने भरू नये, असे माझे ठाम मत आहे. विक्रोळीसारखे चित्र हवे म्हणून मुंगी, फुलपाखरू आणि पाखरू यांच्या वाट्याचे झाड बाजूला सारणे मला मान्य नाही.

टिपण मंजूर झाले. मात्र खऱ्या चेरीचा हट्ट दोन तरुण सभासदांनी सोडलेला नाही आणि प्रामाणिकपणे लिहायचे, तर मीही तो सोडलेला नाही. हिमालयातील पद्म, म्हणजे प्रूनस सेरासॉइडीस, ही चेरी वसंतात नव्हे, तर शरद संपता संपता, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान फुलते. शिलाँगचा नोव्हेंबरातला प्रसिद्ध बहर याच झाडाचा. आयुर्वेदात पद्मकाष्ठ म्हणतात ते लाकूडही याचेच. ऐन थंडीच्या आधीच फुलणारे हे झाड जपानी चेरीचे गणित जसेच्या तसे पाळत नसावे, असा माझा तर्क आहे. कुमाऊँमधील एका स्नेह्यांकडून सहा रोपे मिळण्यासारखी आहेत. दोन वसाहतीत आणि चार माझ्या मेहुण्यांच्या पन्हाळ्याच्या उतारावरील जागेत लावायची ठरली.

९ जुलै २०२३

रस्त्यावरील ४० खड्डे भरून झाले. प्रत्येक खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल. येथली काळी माती पाणी धरून बसते, म्हणून भरण्याआधी प्रत्येक खड्डा पाण्याने भरून किती वेळात उतरतो ते पाहिले. फाटकाजवळच्या सात खड्ड्यांत दुसऱ्या दिवशीही पाणी उभे होते. तेथे तळाशी मुरूम घालून रोप जमिनीपेक्षा दीड फूट उंच गादीवर लावले. उरलेल्या खड्ड्यांत तांबडी माती, पोयटा आणि कुजलेले शेणखत.

पद्माची रोपे कालच पोहोचली. दीड-दोन फुटांची आहेत. देठावरच्या ग्रंथी भिंगाखाली स्पष्ट दिसल्या, पानांच्या कडा दंतुर आहेत, कोवळ्या खोडाची साल तांबूस आणि चकचकीत आहे. चार महिन्यांच्या शोधानंतर खऱ्या चेरीचे पान पहिल्यांदाच हातात आले आणि मला फार आनंद झाला.

२४ सप्टेंबर २०२३

वसाहतीतील एक पद्म गेले. बुंध्याशी मधाच्या रंगाचा डिंक आला होता आणि साल खरवडल्यावर आतला भाग तपकिरी निघाला. चेरीच्या कुळातील झाडे इजा झाली, कीड शिरली किंवा मुळांशी पाणी साचले की असा डिंक सोडतात. येथे कारण पाणीच होते. चूक माझी आहे, कारण रस्त्यावरील झाडांसाठी केलेली उंच गादी मी या दोन रोपांसाठी केली नव्हती. कोपऱ्यातली ती जागा उंचावर आहे, एवढ्यावर मी विसंबलो. दुसरे रोप आजच मुळांच्या गोळ्यासह उचलून गादीवर घेतले आणि मोरचूद-चुन्याचा लेप दिला.

७ जानेवारी २०२४

पन्हाळ्याची चार रोपे हिरवी आहेत. तेथे आणि पंचगंगेकाठच्या एका मळ्यात प्रत्येकी एक किमान-कमाल तापमापक गेले तीन आठवडे ठेवला होता, आणि आकडे पाहून मला माझा एक समज दुरुस्त करावा लागला. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा बराच उंच आहे, म्हणून तेथे रात्र अधिक थंड असणार असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात निरभ्र, वारा पडलेल्या रात्री नदीकाठच्या मळ्यात पारा १२ अंशांवर उतरला, तेव्हा पन्हाळ्याच्या उतारावर तो १४ वर थांबलेला होता. थंड हवा जड असते. ती रात्री उतारावरून पाण्यासारखी वाहत खाली येऊन खोलगटात साचते. ऊस उत्पादकांना हे अनुभवाने ठाऊक असते. पहाटेचे धुके आधी कोणत्या रानात बसते ते त्यांना विचारावे. पन्हाळ्याचा खरा फायदा रात्रीच्या थंडीत नसून सौम्य दुपारीत आणि पाणी न धरणाऱ्या जांभ्याच्या मातीत आहे. रोपे जगली ती या दोन कारणांनी.

१८ फेब्रुवारी २०२४

महाबळेश्वरच्या रानात प्रूनस सेयलानिका पाहिले. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात चेरीच्या प्रजातीचे एक झाड पूर्वापार उभे आहे, हे वसाहतीत कोणालाही ठाऊक नव्हते. पान जाडसर, अखंड कडेचे. तळाशी दोन ग्रंथी मात्र तशाच. गळलेले पान चुरगाळल्यावर कडू बदामाचा वास आला. त्याची फुले लहान, पांढुरकी असतात आणि त्यांना पाहायला कोणी गर्दी करणार नाही; पण जपानपर्यंत पसरलेल्या या मोठ्या कुटुंबाचा आपल्या डोंगरातला वारस म्हणून मी त्याच्यापाशी बराच वेळ थांबलो.

१४ एप्रिल २०२४

वसाहतीतील एका कुटुंबाची मुलगी नोकरीनिमित्त तोक्योत असते. तिने मी सांगितल्याप्रमाणे फूल, फुलाचा देठ, कोवळे पान आणि साल यांची वेगवेगळी छायाचित्रे पाठवली आणि आज समितीतील सर्वांनी बसून ती ओळखली. पहिले झाड सोमेई योशिनो: पानांआधी फुले, जवळजवळ पांढरी, पाच पाकळ्या, देठावर बारीक लव. दुसऱ्या झाडाच्या फांद्या खाली झुकलेल्या होत्या आणि फुलाचा पेला तळाशी भोपळ्यासारखा फुगलेला होता, म्हणून ते एदोहिगानाच्या वळणाचे. तिसऱ्यावर शुभ्र फुले आणि हिरवी कोवळी पाने एकत्र होती, ते ओशिमा. याचीच पाने मिठात मुरवून साकुरामोची या गोडाभोवती गुंडाळतात. चौथे छायाचित्र कानझानचे: वीसहून अधिक पाकळ्यांचे गच्च गुलाबी फूल आणि तांबूस पालवी.

रंग या चौघांपैकी एकाही झाडाच्या ओळखीत शेवटचा शब्द ठरला नाही. देठावरची लव आणि पेल्याचा आकार यांनी निकाल दिला. फुलाचे जवळून आणि मागच्या बाजूने छायाचित्र नसेल, तर ओळख सांगू नये, असा नियम आम्ही करून घेतला.

२८ जुलै २०२४

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. वसाहतीत पुराचे पाणी आले नाही; पण रस्त्याकडेला चार दिवस पाणी साचून राहिले. गादीवरची सातही झाडे सुरक्षित आहेत. सपाट जागेतील दोन जावानिका पिवळे पडले. वसाहतीतले उरलेले पद्म मेले.

१६ मार्च २०२५

रस्त्यावरील ४० पैकी ३६ झाडे जिवंत आहेत. एका टॅबेबुयाने पहिला तुरा दिला: एकाच फांदीवर, मोजून अकरा फुले. मुले धावत येऊन “चेरी फुलली” असे सांगू लागली. त्यांना झाडाखाली बसवून गळलेले फूल हातात दिले, नळी दाखवली, पंजासारखे पान मोजायला लावले. दुपारी प्रत्येक झाडाला पत्र्याची पट्टी सैल तारेने बांधली. तिच्यावर मराठी नाव, शास्त्रीय नाव, मूळ प्रदेश आणि लागवडीची तारीख आहे. तार दर वर्षी पावसाळ्यानंतर सैल करायची आहे, नाहीतर ती सालीत रुतेल.

रोपवाटिकेतूनही निरोप आला. मालकांनी ‘गुलाबी टॅबेबुया’ ही बाजू पुढे करून पाटी लावली आहे आणि मागणी कमी झालेली नाही.

३० नोव्हेंबर २०२५

पन्हाळ्यावर जाऊन आलो. चारपैकी तीन पद्म जिवंत आहेत. चौथ्याचे खोड उन्हाळ्यात भुंगेऱ्याच्या अळीने पोखरले. सर्वांत मोठे आता सात फुटांचे आहे, पाने बरीचशी झडली आहेत आणि सालीवर आडव्या रेघा प्रथमच ठळक दिसू लागल्या आहेत. आखूड फांद्यांवर इतर कळ्यांपेक्षा गोलसर, जाड अशा तीन कळ्या होत्या. त्यांतली एक पात्याने उभी चिरून भिंगाखाली पाहिली. आत मध्यशिरेवर दुमडलेली कोवळी पानेच होती, पाकळ्यांचा अंश नव्हता. उरलेल्या दोन कळ्यांना हात लावलेला नाही. मेहुण्यांनी दर रविवारी त्यांचे छायाचित्र पाठवायचे कबूल केले आहे.